महिन्यातले दोन गुरुवार

प्रिय शुनपेई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू दचकशील आणि मनात म्हणशील, म्हाताऱ्याला काय झालं, परवा तर भेटलो होतो. काही झालेलं नाही. गुडघा जागेवर आहे आणि डोकंही बऱ्यापैकी जागेवर आहे. खरं तर हे सगळं तुला समोर बसवून सांगायचं ठरवलं होतं. पण तू समोर असलास की मी बर्फाबद्दल बोलतो, माशांच्या भावाबद्दल बोलतो, आणि तू सायकलवर बसून निघून गेलास की जे बोलायचं होतं ते भिंतीला ऐकवत बसतो. भिंत बिचारी सगळं ऐकून घेते. म्हणून या वेळी लिहायला बसलो. तू चहा करून घे, नीट बस, आणि मध्येच उठून सिगारेट ओढायला बाहेर जाऊ नकोस.

विषय तुला ठाऊक आहे. कानाझावाच्या हिरानुमा मिस्त्रींना महिनाअखेर तुझं उत्तर हवंय. गिलाव्याच्या कामात त्यांच्या हाताखाली शिकायला मिळावं म्हणून लोक वर्षानुवर्षं खेटे घालतात, आणि ते स्वतःहून तुला बोलावतायत. त्यांचं काम म्हणजे आज एका गावातली जुनी कोठी, पुढच्या महिन्यात कुठल्या तरी डोंगरातलं देऊळ. कोर्टाची देखरेख डोक्यावर असताना, महिन्यातून दोनदा माझ्या घरी हजेरी लावायची असताना, ते जमण्यासारखं नाही. देखरेख उठली तर तू मोकळा. हिवाळ्याआधीच मी वर तसं लिहून दिलं होतं, की हा माणूस आता स्वतःच्या पायावर उभा आहे, याला सोडा. देखरेखीच्या अधिकारी शिमोयामाबाईंचंही तेच मत होतं. नव्या वर्षात कागद सही होऊन यायचा होता. आणि तू काय केलंस? डिसेंबरात न कळवता एक भेट बुडवलीस. जानेवारीत आपणहून त्यांच्या ऑफिसात जाऊन सांगून आलास की कामावर एकाशी मारामारी केली. बाईंनी कागद थांबवला. मला फोनवर म्हणाल्या, "मोरोहाशीसान, आपण जरा घाईच केली म्हणायची." इतकी वर्षं हे काम करतोय, पण असं मला कुणी म्हटलं नव्हतं. फार राग आला मला तुझा. दोन दिवस धड जेवलो नाही.

तू पहिल्यांदा आलास तो दिवस मला अजून दिसतो. खिडकीच्या फटीतून बघत होतो मी. तू सायकल समोरच्या भिंतीला लावलीस, दोनदा दारापर्यंत आलास आणि दोनदा परत गेलास. तुला वाटलं असेल आत कुणी मोठा कडक माणूस बसलाय. आत मी चहाचा डबा शोधत होतो. माझ्या कायानोला जाऊन तेव्हा जेमतेम एक हिवाळा झाला होता, आणि घरातल्या कुठल्याच डब्यात काय आहे ते मला माहीत नव्हतं. शेवटी तुला जो चहा दिला तो चहा नव्हता, भाजलेल्या सातूचं काहीतरी होतं, तेही जळकं. तू गुपचूप प्यायलास. कोर्टाने पाठवलेला माणूस, पिणार नाही तर करतो काय! मग मान खाली घालून विचारलंस, "सेन्सेई, या कामाचे तुम्हाला किती मिळतात?" म्हटलं, काही मिळत नाही. "मग कशाला करता?" म्हटलं, बायकोने माझं नाव देऊन टाकलं म्हणून. तू पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलंस. आणि मी म्हटलं, सेन्सेई बिन्सेई नको, जन्मभर टोफू विकलाय मी, काका म्हण.

ते थट्टेने म्हटलं नव्हतं मी. खरंच तिनेच माझं नाव दिलं होतं. देवळातले भटजी दुकानात टोफू घ्यायला आले होते, म्हणाले, गावात होगोशी कमी पडतायत, कुणी भला माणूस सुचवा. शहरातल्या एका अधिकाऱ्याकडे देखरेखीखालची शेकड्याने माणसं असतात, तो कुणाकुणाच्या घरी जाणार? म्हणून गावातलीच चार माणसं लागतात, घरी बोलावणारी, चहा देणारी, झोप लागते का, काम टिकलंय का विचारणारी. मी सोयाबीनचे दाणे दळत होतो. कायानो म्हणाली, आमचे हे आहेत की. नाव माझं लागलं आणि काम तिनेच केलं. पोरं यायची, माझ्यासमोर खाली शेगडी असलेल्या कोतात्सूच्या रजईत पाय घालून बसायची आणि "हो", "नाही", "ठीक आहे" एवढंच बोलायची. मग ती स्वयंपाकघरातून हाक मारायची, अरे जरा हे भांडं वरून काढून दे. ते भांडं काढायला अर्धा तास लागायचा. तिकडून हसणं ऐकू यायचं, कधी रडणंही. मी बाहेर गंभीर चेहरा करून कागद भरायचो. ती गेली तेव्हा मी राजीनामा लिहूनच ठेवला होता. शिमोयामाबाई म्हणाल्या, एकच शेवटचा घ्या, शांत माणूस आहे, तुम्हाला त्रास देणार नाही. तो शांत माणूस म्हणजे तू.

शांत कसला! तुझ्यापायी मला शेजारी तोंड दाखवणं मुश्कील झालं होतं. आमच्याकडे कोण येतं, कशासाठी येतं, ते कुणाला सांगायचं नसतं. शेजारच्या होशिनाबाईंना तेवढंच हवं असतं. "तो तरुण कोण हो, दर पंधरा दिवसांनी येतो?" मी घाबरून बोलून गेलो, शोगी शिकायला येतो माझ्याकडे. मला शोगीतलं प्यादं कुठलं आणि राजा कुठला तेही कळत नाही. पुढच्याच गुरुवारी त्यांचे यजमान पट बगलेत मारून दारात हजर. "मोरोहाशीसान, इतकी वर्षं शेजारी राहतो आणि बोलला नाहीत! होऊन जाऊ द्या एक डाव." तू कसा झटकन पुढे झालास, "काकांचे डोळे आज दुखतायत, मी बसतो." आणि कसा चार चालींत सपाटून हरलास! यजमान जाताना माझ्या कानात म्हणाले, "पोरगा कष्टाळू दिसतो, पण तुमची शिकवणी काही खरी नाही." त्या दिवशी मी कायानो गेल्यानंतर पहिल्यांदा पोट धरून हसलो.

या कामाची एक रीत तुला कधी नीट सांगितली नव्हती. आमच्याकडे येणारा माणूस रस्त्यात दिसला तर आम्ही आधी ओळख दाखवायची नाही. त्याच्याबरोबर कोण असेल, त्यांना काय माहीत असेल, काय नसेल. त्याला वाटलं तर तो मान हलवील, नाही तर आम्ही आपले दुकानाची पाटी वाचत पुढे जायचं. मुदत संपल्यावर तर प्रश्नच नाही. या गावात कितीतरी जण असे आहेत ज्यांनी माझ्या घरी रडून रजई भिजवली आहे. आज ते बायकापोरांसह समोरून जातात आणि मी पाट्या वाचतो. वाईट वाटून घ्यायचं नाही. विसरले म्हणजे बरं झालं, असंच मानायचं. कायानोला ते जमायचं. घरी येऊन आनंदाने सांगायची, आज अमका दिसला, मला बघितलंच नाही त्याने, किती छान! मला ते कधीच जमलं नाही. पण सांगायचो नाही.

म्हणून ती बाजारातली गोष्ट मी विसरत नाही. तू तुझ्या गिलाव्याच्या मुकादमांबरोबर, किजिमांबरोबर, आणि आणखी दोघांबरोबर होतास, चुन्याने माखलेल्या कपड्यांत. मी एका हातात एक मुळा आणि दुसऱ्या हातात एका माणसापुरता बांगड्याचा तुकडा घेऊन उभा होतो. रीतीप्रमाणे मी मुळ्याकडे बघायला लागलो. आणि तू सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा ओरडलास, "काका, तो मुळा पोकळ आहे, ठेवा खाली!" मग स्वतः येऊन, बोटाने टिचकी मारून मारून दुसरा निवडून दिलास. भिंत तपासतात तसा. बरोबरच्यांनी विचारलं, कोण रे हे? तू म्हणालास, "आमचे काका." मुळा घरी आणून मी चार दिवस कापला नाही. शेवटी मऊ पडला तेव्हा सार केलं.

आता नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारकडे येतो. सकाळी स्वयंपाकघरात पाय घसरला आणि गुडघा असा अडकला की उठताच येईना. फोन बाहेरच्या खोलीत. हाका मारल्या, पण होशिनाबाई, ज्यांना एरवी मुंगीचीही चाहूल लागते, त्या नेमक्या मुलीकडे गेलेल्या. फरशी गार होती. पाय सुन्न झाले. पडल्यापडल्या विचार केला, आज वार कोणता? गुरुवार आहे म्हटल्यावर जिवात जीव आला, कारण संध्याकाळी तू येणार होतास. दुपारी चक्क डुलकीही लागली. तू दार वाजवलंस, उत्तर आलं नाही तसा मागच्या बाजूने आत शिरलास. कुलूप न तोडता कसं उघडतात ते तुला विचारायला मी अजून धजावलो नाही. मला उचलून रजईत गुंडाळलंस, पाय चोळलेस, आणि मग माझ्यावरच ओरडलास, "काका, आज बुधवार असता तर?" मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, तर उद्यापर्यंत पडून राहिलो असतो, आणि काय! तू हसला नाहीस. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्यानंतर तू भलत्याच वाराला उगवायला लागलास. कधी म्हणे इकडूनच चाललो होतो, कधी म्हणे छत्री विसरली का बघायला आलो. स्वच्छ उन्हात छत्री! मी मनातून खूश व्हायचो आणि तोंडाने म्हणायचो, तुला काही कामधंदा नाही का. चिसातो दर रविवारी सेंदाईहून फोन करते, "बाबा, आता पुरे झालं, इकडे या." मी तिला सांगतो, जमणार नाही, गुरुवारी माझं काम असतं. ती विचारते, आणि बाकीचे दिवस? बाकीच्या दिवसांचं मी तिला काही सांगत नाही. तुला सांगतो. सकाळी उठून देव्हाऱ्यापुढे कायानोला चहा ठेवतो. मग स्वतःचा पितो. मग तिचा गार झालेला पितो. मग जेवणाची वेळ व्हायची वाट बघतो. कधी कधी टपालवाल्याशी बोलताना आवाज घोगरा निघतो, तेव्हा लक्षात येतं की काल दिवसभरात आपण एक अक्षर बोललो नाही. बुधवारी मात्र मी बाजारात जातो आणि मासे दोन माणसांचे घेतो.

तर मारामारीचं ऐकून रागाच्या भरात मी गेल्या आठवड्यात लांब बूट चढवले आणि बर्फातून धडपडत किजिमांच्या कामावर गेलो. तू तेव्हा तिथे नव्हतास, ते एकटेच चुन्यात पेंढा कालवत होते. म्हटलं, तुमच्या माणसाने कुणाला मारलं? त्यांनी फावडंच खाली ठेवलं. "मारलं? शुनपेईने? अहो, भिंतीवर माशी बसली तर ती उठेपर्यंत तो थापी मारत नाही. आणि मारणार कुणाला? सगळा जानेवारी आम्ही दोघंच होतो कामावर. मला तर कुणी मारल्याचं आठवत नाही." मग हात पुसत म्हणाले, "बरं झालं आलात. तुम्हीच विचारा त्याला, कानाझावाला नाही का म्हणतोय. मी विचारलं तर म्हणतो, देखरेख उठली तर गुरुवार जातील. म्हटलं, कसले गुरुवार? तर म्हणतो, काका एकटे असतात." एवढं बोलून ते परत पेंढा कालवायला लागले. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी. भला माणूस आहे.

येताना पुलावर थांबून मी रडलो. बर्फ पडत होता, त्यामुळे कुणाला कळलं नसेल. अरे वेड्या, लोक सुटका लवकर व्हावी म्हणून खोटं बोलतात. होऊ नये म्हणून खोटं बोलणारा तूच भेटलास. माझ्या म्हातारपणाची सोबत व्हावी म्हणून तू कोर्टाच्या कागदावर स्वतःच्या नावाला डाग लावून घेतलास, तोही न केलेल्या गुन्ह्याचा. मला किती बरं वाटलं ते लपवत नाही. आयुष्यात एवढं माझ्यासाठी कुणी केलं नसेल. आणि तेवढाच जीव घाबरला. कारण तुझा हा रोग जुना आहे. तू मला सांगितलं होतंस, कोठ्या फोडणाऱ्या त्या टोळीत तुला चोरीचा एक येन नको होता. तो तुझा शाळेतला मित्र एकटा पडेल म्हणून तू गाडी चालवायला बसलास. त्याला सोडून जाता आलं नाही तुला. आता मला सोडून जाता येत नाही. तेव्हा त्याने तुला कोर्टात नेलं, आता मी तुला कानाझावापासून अडवतोय. फरक एवढाच, की तो चोर होता आणि मी टोफूवाला.

माझ्या काळजीचं म्हणशील तर काल मी होशिनाबाईंकडे जाऊन घराची दुसरी किल्ली दिली. त्यांनी ती अशी घेतली की जणू किती वर्षं हात पुढे करूनच उभ्या होत्या. "रोज सकाळी तुमची खिडकी उघडली नाही तर मी सरळ आत येणार हं!" म्हटलं, या. आता माझ्या डब्यात काय आहे, बनियन किती जुनं आहे, सगळं गल्लीला कळणार. तुझ्यासाठी तेवढं सोसेन. यजमानांनी शोगी शिकवायची धमकीही दिली आहे. तेव्हा वार कोणताही असला तरी आता फरशीवर पडून राहायची माझी सोय उरलेली नाही.

आता हे पत्र कशासाठी ते सांगतो. शिमोयामाबाईंना मी सगळं खरं सांगितलं. किजिमा काम टाकून स्वतः त्यांच्या ऑफिसात जाऊन आले. तुझा कागद पुन्हा हलला आहे आणि बाई म्हणतात, या खेपेला अडणार नाही. पण मी त्यांच्याकडे आणखी एक मागणं मागितलं आणि त्यांनी ते मान्य केलं. आजपासून तुझा होगोशी मी नाही. कागद येईपर्यंतच्या तुझ्या भेटी दुसऱ्या होगोशी कानेमारूबाईंकडे, नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत होतील. तिथला चहा यंत्रातून येतो, पण तू माझ्या हातचा प्यायला आहेस, तेव्हा तक्रार करू नकोस. हे वाचून झालं की आधी हिरानुमा मिस्त्रींना फोन कर आणि येतो म्हणून सांग. कानाझावाहून कधी सुट्टी काढून आलास तर घर तुझंच आहे. पण इथे गावात आहेस तोवर येऊ नकोस. या गुरुवारी नको, त्याच्या पुढच्याही नको. संध्याकाळी दार आतून लावलेलं असेल. मी घरातच असेन, पलीकडे दिवा दिसेल तुला, माशाचा वासही येईल कदाचित, कारण बुधवारची सवय एकदम सुटणार नाही. तरी दार वाजवू नकोस, शुनपेई. वाजवलंस तर मी उघडेन.

तुझाच,
तेइझो काका